हिस्टोग्राम: पट्ट्यांची रुंदी सॉफ्टवेअरवर का सोडू नये



डेटा गोळा करून झाला, एक्सेलमध्ये भरून झाला, की बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी सरासरी आणि प्रमाण विचलनाचा तक्ता, मग टी-टेस्ट किंवा अनोव्हा, आणि सगळं लिहून झाल्यावर गाईड म्हणतात, "दोन-चार आलेख टाका." मग हिस्टोग्राम काढला जातो आणि चौथ्या प्रकरणात चिकटवला जातो. त्याच्याकडे नीट कुणी बघत नाही.

हा क्रम उलटा हवा. हिस्टोग्राम आधी, सरासरी नंतर. कारण सरासरी काढणं योग्य आहे की नाही, हेच हिस्टोग्राम सांगतो. आणि तो काढताना सॉफ्टवेअर तुमच्या वतीने दोन-तीन निर्णय गुपचूप घेतं. ते निर्णय बदलले तर त्याच डेटाचं चित्र बदलतं, कधीकधी निष्कर्षही बदलतो. हे निर्णय कोणते, ते एसपीएसएस, आर आणि एक्सेलमध्ये आपल्या हातात कसे घ्यायचे, आणि प्रबंधात ते कसे लिहायचे, हे आज एका खऱ्या डेटावर बघू.

हिस्टोग्राम आणि स्तंभालेख यांतला फरक

शाळेत आपण याला आयतालेख म्हणायचो. संख्यात्मक माहितीचे सलग वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती निरीक्षणं येतात ते मोजायचं आणि त्या वारंवारतेइतक्या उंचीची पट्टी काढायची. हिस्टोग्राम हा शब्द कार्ल पिअरसन यांनी 1890 च्या दशकात रूढ केला.

स्तंभालेख, म्हणजे बार चार्ट, दिसायला तसाच असतो, पण त्याचं काम वेगळं आहे. जिल्हा, धर्म, शिक्षणाचं माध्यम अशा गटवाचक माहितीसाठी तो वापरतात. तिथे पट्ट्यांमध्ये फट असते आणि पट्ट्यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. हिस्टोग्राममध्ये आडवा अक्ष ही मोजपट्टी असते. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि मध्ये फट दिसली तर तिचा अर्थ असतो: त्या मूल्यांचं एकही निरीक्षण मिळालेलं नाही.

म्हणून पुणे 1, सातारा 2, सांगली 3 अशी कोडं दिलेल्या चलावर हिस्टोग्राम काढू नका. सॉफ्टवेअर अडवणार नाही, ते मुकाट्याने काढून देईल. "सहमत / असहमत" अशा पाच पर्यायांच्या एकट्या प्रश्नालाही स्तंभालेखच बरा. पण तसे वीस प्रश्न मिळून 20 ते 100 मध्ये एकूण गुण येत असतील, तर त्या गुणांचा हिस्टोग्राम काढता येतो.

आपला डेटा: ओल्ड फेथफुल

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. जमिनीखालचं पाणी तापतं, वर उसळतं, काही मिनिटं फवारा चालतो आणि मग तो बराच वेळ शांत राहतो. त्याच्या 272 उद्रेकांच्या नोंदी 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फेथफुल या नावाने आधीपासूनच ठेवलेल्या असतात. दोन रकाने आहेत: उद्रेक किती मिनिटं चालला, आणि पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटं थांबावं लागलं.

हा डेटा घेण्याचं कारण साधं आहे. तो कुणालाही मिळतो, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा तुम्ही स्वतः पडताळू शकता.

आधी नेहमीचा तक्ता बघा. उद्रेकाचा कालावधी: किमान 1.6 मिनिटं, कमाल 5.1 मिनिटं, सरासरी 3.49, मध्यक 4, प्रमाण विचलन 1.14. एवढंच वाचलं तर काय वाटतं? हा फवारा साधारण साडेतीन मिनिटं चालतो, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. प्रबंधात हे वाक्य सहज खपून जाईल.

आता हिस्टोग्राम. आरमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत 'हिस्ट' लिहायचं आणि पुढे कंसात 'फेथफुल', डॉलरचं चिन्ह आणि 'इरप्शन्स'. एंटर दाबलं की आकृती येते. आर स्वतःहून अर्ध्या मिनिटाचे आठ वर्ग पाडतं. त्यांतली वारंवारता अशी:

1.5 ते 2 मिनिटं: 55
2 ते 2.5: 37
2.5 ते 3: 5
3 ते 3.5: 9
3.5 ते 4: 34
4 ते 4.5: 75
4.5 ते 5: 54
5 ते 5.5: 3

म्हणजे दोन डोंगर आणि मध्ये खोल दरी. आणि आपली 3.49 ही सरासरी कुठे पडते? 3 ते 3.5 च्या वर्गात, जिथे 272 पैकी फक्त 9 उद्रेक आहेत. ज्याला आपण "साधारण उद्रेक" म्हणत होतो, तो जवळपास होतच नाही. गणित अचूक आहे, पण त्यावर बेतलेलं वाक्य चुकीचं चित्र उभं करतं.

हे काम कुठलाही एकटा आकडा करू शकत नाही. म्हणून हिस्टोग्राम आधी.

एसपीएसएस आणि एक्सेलमध्ये कसा काढायचा

आरमधला हा डेटा सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढता येतो आणि इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. तुमचा स्वतःचा डेटा असेल तर प्रश्नच नाही.

एसपीएसएसमध्ये दोन वाटा सोयीच्या आहेत. पहिली: ग्राफ्स, मग लेगसी डायलॉग्ज, मग हिस्टोग्राम. डावीकडच्या यादीतून तुमचं चल व्हेरिएबलच्या चौकटीत न्या आणि ओके करा. गटनिहाय वेगळे आलेख हवे असतील, उदाहरणार्थ मुलं आणि मुली, तर त्याच खिडकीत पॅनल बाय या भागात रोजच्या चौकटीत गटाचं चल टाका. एकाखाली एक, एकाच मोजपट्टीवरचे आलेख मिळतात आणि तुलना डोळ्यांना लगेच कळते.

दुसरी वाट: ॲनलाइझ, डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, फ्रीक्वेन्सीज. तिथे चार्ट्स या बटणाखाली हिस्टोग्राम निवडा. अनेक चलांचे आलेख एकदम हवे असतील तर ही वाट बरी.

पण खरं काम आलेख आल्यावर सुरू होतं. आउटपुटमधल्या आलेखावर डबल क्लिक केलं की चार्ट एडिटर उघडतो. त्यात पट्ट्यांवर डबल क्लिक केलं की प्रॉपर्टीजची खिडकी येते, आणि तिच्यात बिनिंग नावाचा टॅब असतो. तिथे ऑटोमॅटिकऐवजी कस्टम निवडा. वर्गांची संख्या किंवा वर्गाची रुंदी, दोन्हींपैकी एक देता येतं. त्याखाली अँकरसाठी स्वतःचा आकडा देण्याची सोय आहे. वर्ग कुठून मोजायला लागायचे ते त्यावरून ठरतं. हा टॅब बऱ्याच जणांनी कधी उघडलेलाच नसतो, आणि या लेखातला सगळा मुद्दा त्या टॅबमध्ये आहे.

एक्सेलमध्ये 2016 च्या आवृत्तीपासून हिस्टोग्राम हा तयार आलेख आहे. रकाना निवडा, इन्सर्टमध्ये जा, स्टॅटिस्टिक चार्टखाली हिस्टोग्राम घ्या. आडव्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिस उघडलं की बिन विड्थ आणि नंबर ऑफ बिन्स दिसतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: एक्सेल पहिला वर्ग डेटातल्या सगळ्यात लहान आकड्यापासून सुरू करतं. आपल्या डेटात ते 1.6 पासून मोजायला लागेल. सुरुवात बदलायची असेल तर अंडरफ्लो बिनमध्ये आकडा द्यावा लागतो.

आरमध्ये 'ब्रेक्स' या नावाने वर्ग देता येतात. नुसता एक आकडा दिला, समजा 20, तर आर ती सूचना समजतं आणि जवळपासचा सोयीचा आकडा निवडतं. बरोबर वीसच पट्ट्या येतील असं नाही. वर्गांच्या सगळ्या कडा क्रमाने दिल्या, तर मात्र त्या तंतोतंत पाळल्या जातात.

पहिला निर्णय: रुंदी

वर्ग फार रुंद घेतले तर सगळं एका ढिगात जातं. फार अरुंद घेतले तर आलेख कंगव्यासारखा दिसतो आणि त्यातून काही बोध होत नाही.

मग सॉफ्टवेअर रुंदी कशी ठरवतं? सूत्रं आहेत. सगळ्यात जुनं स्टर्जेस यांचं, 1926 चं: निरीक्षणांच्या संख्येचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या, त्यात एक मिळवा, तेवढे वर्ग पाडा. 272 साठी उत्तर 9.1 येतं, म्हणजे वरच्या पूर्णांकात 10 वर्ग. आर मुळात हेच सूत्र वापरतं, पण कडा नीटनेटक्या याव्यात म्हणून शेवटी आठ वर्ग देतं. स्कॉट यांचं 1979 चं सूत्र प्रमाण विचलनावर आधारलेलं आहे, आणि एक्सेलची आपोआप येणारी रुंदी त्यावरून ठरते. आपल्या डेटात त्याने रुंदी साधारण 0.61 मिनिटं येते. फ्रीडमन आणि डायाकोनिस यांचं 1981 चं सूत्र पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकांमधलं अंतर वापरतं. त्याने रुंदी 0.71 च्या आसपास येते.

एकच डेटा, तीन सूत्रं, तीन उत्तरं. यातलं कुठलंच खोटं नाही. पण पहिली दोन सूत्रं घंटेच्या आकाराच्या, एका डोंगराच्या वितरणाचा विचार करून बांधलेली आहेत. तुमच्या डेटात दोन डोंगर आहेत की एक, हे सूत्राला माहीत नसतं. तेच तर आपल्याला शोधायचं असतं.

पूर्णांकातल्या डेटासाठी एक खास सूचना. परीक्षेचे गुण किंवा प्रश्नावलीचे एकूण गुण पूर्णांकात असतात. समजा रुंदी 2.5 आली. 20 पासून सुरुवात केली तर पहिल्या वर्गात 20, 21, 22 असे तीन आकडे बसतात, दुसऱ्यात 23 आणि 24 असे दोनच. पुढे पुन्हा तीन, पुन्हा दोन. आलेखात उंच-बुटकी-उंच-बुटकी अशी करवत दिसते, आणि ती पूर्णपणे आपण तयार केलेली असते. पूर्णांकांसाठी रुंदीही पूर्णांकातच घ्या.

दुसरा निर्णय: सुरुवात कुठून

रुंदीबद्दल पुस्तकांत निदान चार ओळी सापडतात. सुरुवातीच्या आकड्याकडे सहसा लक्षच जात नाही. इथे मात्र जरा थांबू.

रुंदी एक मिनिट ठेवू. वर्ग 1 पासून सुरू केले तर:

1 ते 2: 55
2 ते 3: 42
3 ते 4: 43
4 ते 5: 129
5 ते 6: 3

दरी कुठे गेली? डावीकडे सपाट पठार आणि उजवीकडे एक उंच पट्टी. हे चित्र बघून कुणीही लिहील, "वितरण डावीकडे लांबलेलं आहे, बहुतांश उद्रेक चार ते पाच मिनिटांचे आहेत." दोन प्रकारचे उद्रेक आहेत, ही शंकाही येणार नाही.

आता तीच रुंदी, फक्त सुरुवात 1.5 पासून:

1.5 ते 2.5: 92
2.5 ते 3.5: 14
3.5 ते 4.5: 109
4.5 ते 5.5: 57

दरी परत आली. डेटा तोच, रुंदी तीच, सुरुवात फक्त अर्ध्या मिनिटाने सरकली. पहिल्या आलेखात 3 ते 4 हा वर्ग दरीचा तळ आणि दुसऱ्या डोंगराचा चढ एकत्र करत होता, म्हणून दरी भरून आल्यासारखी दिसली.

तुमच्या संशोधनात हाच धोका आहे. समजा तुम्ही एखाद्या अध्यापन पद्धतीचा परिणाम तपासताय, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना ती चांगली लागू पडली, निम्म्यांना अजिबात नाही. गुणांची सरासरी म्हणेल, "मध्यम परिणाम." गैरसोयीच्या ठिकाणी सुरू झालेला हिस्टोग्रामही त्याला दुजोरा देईल. आणि संशोधनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ही पद्धत कुणाला चालते आणि कुणाला नाही, तुमच्या डेटात असूनही तुमच्या प्रबंधात येणार नाही.

तिसरा निर्णय: कडेवरचा आकडा कुठल्या वर्गात

बरोबर 2 मिनिटं चाललेला उद्रेक "1.5 ते 2" मध्ये जाणार की "2 ते 2.5" मध्ये? आर मुळात उजवी कड आत धरतं, म्हणजे तो आधीच्या वर्गात जातो. वरचे सगळे आकडे तसेच आहेत. 'राइट' हा पर्याय बंद करून डावी कड आत धरायला सांगितलं, तर तेच आठ वर्ग असे येतात: 51, 41, 5, 7, 30, 73, 61, 4.

पहिल्या वर्गात 55 चे 51 झाले, कारण चार उद्रेक बरोबर 2 मिनिटांचे आहेत. इथे चित्र फारसं बदललं नाही. पण गुण, वय, वर्षं असे गोल आकडे असलेल्या डेटात कडेवर खूप गर्दी असते आणि मग फरक मोठा पडतो. शिवाय तुमच्या वारंवारता तक्त्यात 20–25, 25–30 असे वर्ग असतील आणि आलेख दुसऱ्या नियमाने काढलेला असेल, तर दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. परीक्षक नेमकं हेच पकडतात.

तुमचं सॉफ्टवेअर कुठला नियम पाळतं हे शोधायला मॅन्युअल लागत नाही. 1, 2, 2, 3 असे चार आकडे टाका, कडा 1, 2, 3 ठेवा आणि दोन हे आकडे कुठल्या पट्टीत पडले ते बघा. एका मिनिटात कळतं.

नॉर्मल कर्व्हचा मोह

एसपीएसएसमध्ये हिस्टोग्रामवर नॉर्मल कर्व्ह दाखवण्यासाठी एक चौकोन टिक करता येतो. बहुतेक प्रबंधांत ती रेघ असते, कारण तिच्यामुळे आलेख शास्त्रीय दिसतो. पण ती रेघ तुमच्या डेटाच्या आकाराबद्दल काहीच सिद्ध करत नाही. सॉफ्टवेअर सरासरी आणि प्रमाण विचलन घेतं आणि त्या दोन आकड्यांची घंटा काढतं, डेटा कसाही असो. ओल्ड फेथफुलवर ती काढली तर घंटेचं शिखर 3.49 वर येतं, म्हणजे थेट दरीच्या डोक्यावर. रेघ आणि पट्ट्या किती जुळतात हे बघण्यासाठी ती वापरा, सजावट म्हणून नको.

दुसरी गल्लत नॉर्मॅलिटीच्या अटीची. "माझा डेटा नॉर्मल नाही, आता टी-टेस्ट चालणार नाही" अशी धास्ती अनेकांना असते. दोन गटांच्या टी-टेस्टमध्ये ही अट प्रत्येक गटाला वेगवेगळी लागू होते, सगळा डेटा एकत्र करून नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची उंची एकत्र केली तर आलेख पसरट दिसू शकतो, वेगवेगळी केली तर दोन्ही व्यवस्थित. प्रतीपगमनात, म्हणजे रिग्रेशनमध्ये, ही अट मूळ चलाला नसून अवशेषांना, म्हणजे रेसिड्युअल्सना असते. तिथे अवशेषांचा हिस्टोग्राम काढा.

दोन डोंगर दिसले, पुढे काय?

लगेच डेटाचे दोन तुकडे करू नका. आधी कारण शोधा. ओल्ड फेथफुलमध्ये 3 मिनिटांपर्यंतचे 97 उद्रेक आहेत आणि त्याहून मोठे 175. आता दुसरा रकाना बघा, थांबण्याच्या वेळेचा. त्याच्या हिस्टोग्राममध्येही दोन डोंगर आहेत: एक 50 ते 55 मिनिटांजवळ, दुसरा 75 ते 85 च्या पट्ट्यात. आणि दोन्ही रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत, सहसंबंध 0.90 आहे. छोट्या उद्रेकानंतर सरासरी साधारण 55 मिनिटं थांबावं लागतं, मोठ्यानंतर साधारण 80. मोठ्या उद्रेकात जास्त पाणी बाहेर पडतं, त्यामुळे पुन्हा भरायला आणि तापायला जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन डोंगरांना दुसऱ्या, स्वतंत्र मोजमापाचा आधार मिळाला. असा आधार मिळाला तरच "दोन प्रकार" हे शब्द लिहा.

नमुना लहान असेल तर जास्तच सावध राहा. 30 जणांच्या डेटात एखादी दरी निव्वळ योगायोगानेही दिसते. तिथे प्रत्येक निरीक्षणाचा एक ठिपका दाखवणारा आलेख हिस्टोग्रामपेक्षा प्रामाणिक असतो.

आपल्याकडच्या सर्वेक्षणात काय शोधायचं

हिस्टोग्रामचा आणखी एक उपयोग आहे, डेटा साफ करण्याचा. तो सरासरी काढण्याच्याही आधीचा.

एक, उजव्या टोकाला एकटी उभी असलेली पट्टी. उत्तर न देणाऱ्यांसाठी 99 हे कोड वापरलं असेल आणि एसपीएसएसच्या व्हेरिएबल व्ह्यूमध्ये ते मिसिंग म्हणून नोंदवायचं राहिलं असेल, तर "घरातल्या माणसांची संख्या 99" अशी कुटुंबं आलेखात उभी राहतात. सरासरी वाढते, आणि तक्त्यात ती चटकन लक्षातही येत नाही.

दोन, गोल आकड्यांवरची गर्दी. गावात वय विचारलं की "असेल चाळीस-पंचेचाळीस" असं उत्तर येतं. भारताच्या जनगणनेतही शून्य आणि पाच शेवटी असलेल्या वयांवर अशी गर्दी दिसते, आणि लोकसंख्याशास्त्रात हा नेहमीचा अभ्यासविषय आहे. वयाचा हिस्टोग्राम एकदा एक वर्षाच्या रुंदीने काढा, म्हणजे 40, 45, 50 वरचे खांब स्पष्ट दिसतील. प्रबंधात मग पाच वर्षांचे वर्ग घ्या, कारण प्रत्येक वर्गात असा एकच खांब येतो. चार वर्षांचे वर्ग मात्र टाळा. 20 पासून सुरू केले तर 36–39 आणि 56–59 या वर्गांत शून्य किंवा पाचवर संपणारं एकही वय येत नाही. तिथे खोट्या दऱ्या दिसतील आणि तुम्ही "या वयोगटातले लोक कमी का?" याचं उत्तर शोधत बसाल.

तीन, उत्पन्नासारखी चलं. इथे डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांब शेपटी असते. सरासरीऐवजी मध्यक द्या. वर्ग असमान ठेवले असतील, म्हणजे पाच-पाच हजारांचे आणि शेवटी एकदम पंचवीस हजारांचा, तर उंचीवर वारंवारता दाखवू नका. हिस्टोग्राममध्ये अर्थ पट्टीच्या क्षेत्रफळाला असतो. म्हणून वारंवारतेला रुंदीने भागून घनता दाखवा, नाहीतर शेवटची पट्टी उगाच धिप्पाड दिसते.

प्रबंधात काय लिहायचं

आकृतीखाली फक्त "आकृती 4.1: कालावधीचा हिस्टोग्राम" एवढं पुरत नाही. वाचकाला तोच आलेख पुन्हा काढता आला पाहिजे. उदाहरणार्थ: "उद्रेकाच्या कालावधीचे वितरण (निरीक्षणे 272). वर्गांतर 0.5 मिनिटे, सुरुवात 1.5 मिनिटांपासून, वर्गाची उजवी कड समाविष्ट. वर्गांतर 0.25 आणि 0.75 ठेवून आलेख तपासले." तिसरं वाक्य तुम्ही खरंच तपासलं असेल तरच लिहा.

कारण यात प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. रुंदी आपल्या हातात आहे म्हटल्यावर आलेख नॉर्मल दिसेपर्यंत ती बदलत राहता येते. म्हणून साधा नियम ठेवा: निदान तीन रुंद्या आणि दोन सुरुवाती करून बघायच्या. जे प्रत्येक वेळी दिसतं ते डेटाचं म्हणणं समजायचं. जे एकदाच दिसतं त्यावर निष्कर्ष उभा करायचा नाही, आणि एकाच आलेखात जे गायब होतं ते का गायब झालं ते शोधायचं.

व्हायव्हात परीक्षक विचारतात, "हे वर्ग असेच का घेतले?" त्यावर "सॉफ्टवेअरने दिले" हे उत्तर देऊ नका. ते खरं असलं तरी त्याचा अर्थ असा होतो की डेटा तुमचा, पण त्याकडे कसं बघायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलं. आज तुमची फाइल उघडा, सगळ्यात महत्त्वाचं चल घ्या आणि बिनिंगचा तो टॅब एकदा उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या लेखात बॉक्सप्लॉट बघू. आणि हो, ओल्ड फेथफुलचा बॉक्सप्लॉट काढला तर ही दरी त्यात दिसतच नाही. का, ते तोवर स्वतः काढून बघा.